फाईल उघडते, पण लिहू देत नाही: ॲक्सेसचा अडकलेला डेटाबेस सोडवताना

देवस्थान कमिटीची निवडणूक जवळ आली की महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांची, यादी सगळ्यांना आठवते. कोणी वारलेले असते, कोणाचा मुलगा वयात आलेला असतो, कोणी फोंडा सोडून वास्कोला स्थायिक झालेले असते. यादी नोटीस बोर्डावर लागण्याआधी या दुरुस्त्या व्हायला हव्यात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ऑफिसमधून फोन येतो: "सर, फाईल उघडते, सगळी नावं दिसतात, पण काही टाइप करूच देत नाही."

ही फाईल बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रामची असते. गावच्या वाचनालयाचे सभासद, पतसंस्थेच्या जुन्या ठेवी, देवळाच्या अभिषेकाच्या पावत्या, सगळे कोणीतरी कधीतरी ॲक्सेसमध्ये बांधून दिलेले आणि अजून चालू असलेले. करून देणारा माणूस आज पुण्यात किंवा दुबईत. म्हणून हा लेख त्या माणसाशिवाय काम निभावून नेणाऱ्यांसाठी.

'फाईल लॉक झाली' या एकाच तक्रारीखाली निदान पाच-सहा वेगवेगळे आजार लपलेले असतात. औषध प्रत्येकाचे निराळे. सापडेल ते बटण दाबत सुटलात तर लॉक सुटण्याआधी डेटा जाईल.

पहिल्यांदा काय करू नये

ॲक्सेस फाईल फक्त वाचण्यापुरती उघडतो तेव्हा वर एक पिवळी पट्टी दाखवतो. तीत लिहिलेले असते की हा डेटाबेस रीड-ओन्ली उघडला आहे, आणि शेजारी 'सेव्ह ॲज'चे बटण असते. ते बटण दाबायचा मोह सगळ्यांना होतो, कारण दाबले की काम लगेच सुरू होते. पण ते सुरू होते एका प्रतीत. आता सचिवांच्या कॉम्प्युटरवर एक यादी आणि खजिनदारांच्या कॉम्प्युटरवर दुसरी, दोन्हींत वेगवेगळ्या दुरुस्त्या. लॉक सोडवायला फार तर अर्धा तास लागतो, पण अशा दोन याद्या जुळवताना कित्येक संध्याकाळी जातात.

दुसरी गोष्ट, मूळ फाईलशेजारी दिसणारी कुलपाच्या चित्राची छोटी फाईल डिलीट करू नका. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी सर्वांना ॲक्सेस बंद करायला सांगा आणि मूळ फाईलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. कोणी बंद करू शकत नसेल तरीही प्रत घ्या, पण तिच्या नावात 'चालू असताना घेतलेली' असे लिहून ठेवा. अशा प्रतीत एखादी नोंद अर्धवट असू शकते. स्क्रीनवर आलेला संदेश मोबाईलने टिपा. त्यात कॉम्प्युटरचे नाव असेल तर अर्धे काम तिथेच झाले.

एक चाचणी, जिने दिशा कळते

आता त्या फाईलची आणखी एक प्रत स्वतःच्या डेस्कटॉपवर घ्या, तिचे नाव 'चाचणी' ठेवा आणि उघडा. एखाद्या टेबलमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, एक अक्षर बदलून पाहा.

बदल झाला, तर फाईल ठणठणीत आहे. गोची आहे ती मूळ फाईल जिथे ठेवली आहे त्या फोल्डरमध्ये किंवा ती उघडून बसलेल्या माणसामध्ये. बदल झाला नाही, तर आजार फाईलबरोबर डेस्कटॉपवर आला आहे, किंवा तुमच्या कॉम्प्युटरवरचा ॲक्सेसच आजारी आहे. पाहून झाले की 'चाचणी' लगेच काढून टाका, नाहीतर महिन्याभराने कोणीतरी त्यातच काम करताना सापडेल.

फाईल ठीक आहे, पण कोणीतरी आत आहे

ॲक्सेसची फाईल कोणी सामायिक पद्धतीने उघडली की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी फाईल तयार होते. मूळ फाईलच्या नावाचे शेपूट (टिंबानंतरची अक्षरे) 'एसीसीडीबी' असेल तर हिचे 'एलएसीसीडीबी', आणि जुन्या 'एमडीबी'साठी 'एलडीबी'. शेवटचा माणूस बाहेर पडला की ॲक्सेस ती स्वतःच काढून टाकतो. ही फाईल म्हणजे हजेरीची वही आहे. दाराला लागलेले कुलूप वेगळे, ते विंडोजच्या ताब्यात असते. म्हणून वही फाडून टाकल्याने आतला माणूस बाहेर पडत नाही.

ही वही वाचता येते. लॉक फाईलवर राइट क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. मोकळ्या जागा आणि चौकोनांच्या गर्दीत कॉम्प्युटरचे नाव दिसेल आणि त्यापुढे बहुतेक वेळा 'ॲडमिन' हा शब्द. प्रत्येक नोंद ६४ बाइटची असते, ३२ कॉम्प्युटरच्या नावासाठी आणि ३२ वापरणाऱ्याच्या नावासाठी. 'ॲडमिन' पाहून घाबरू नका, वेगळी सुरक्षा लावली नसेल तर ॲक्सेस सगळ्यांनाच ॲडमिन म्हणतो. कामाचे आहे ते कॉम्प्युटरचे नाव. मात्र एखादा बाहेर पडला तरी त्याचे नाव वहीतून लगेच खोडले जात नाही, पुढे कोणी आला की त्यावर नवे नाव चढते. तेव्हा वहीत नाव आहे म्हणून माणूस आत आहेच, असे धरून भांडायला जाऊ नका.

ऑफिसमधले कॉम्प्युटर 'डेस्कटॉप' आणि पुढे काही अगम्य अक्षरे अशाच नावांचे असतील तर ही वही वाचून काही कळत नाही. 'काउंटर', 'सचिव', 'हिशेब' अशी नावे एकदा देऊन ठेवा.

आता माणूस शोधा. नेहमीची ठिकाणे अशी. कोणीतरी लॅपटॉपचे झाकण नुसते मिटून घरी गेला आहे. कोणी चवथीच्या सुटीवर जाताना स्क्रीन लॉक केली, ॲक्सेस बंद केला नाही. एकाच कॉम्प्युटरवर दोघांची खाती आहेत आणि पहिल्याच्या खात्यात फाईल अजून उघडी आहे. यासाठी टास्क मॅनेजरमध्ये 'युजर्स' हा भाग उघडून दुसऱ्याच्या नावाखाली ॲक्सेस चालू दिसतो का पाहा. चौथे ठिकाण सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही: एक्सेलच्या एखाद्या शीटला याच डेटाबेसमधून आकडे ओढण्याची जोडणी दिलेली असते, आणि ते शीट उघडे असते.

खिडकी बंद केली तरी ॲक्सेस पडद्यामागे जिवंत राहिल्याचेही प्रकार होतात. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये 'एमएसॲक्सेस' अजून दिसत असेल आणि स्क्रीनवर खिडकी नसेल, तर 'एंड टास्क' करायला हरकत नाही.

नेटवर्कवरून कोणी फाईल धरून ठेवली आहे हे बघायचे असेल तर फाईल ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे जा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, मग कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, ओपन फाइल्स. फाईलचे नाव, ती कोणी उघडली आहे, किती लॉक आहेत, हे सगळे ओळीने दिसते. राइट क्लिक करून 'क्लोज ओपन फाईल' म्हटले की ताबा सुटतो. पण हा शेवटचा उपाय. पलीकडे कोणी टाइप करत असताना असे तोडलेत तर फाईल बिघडू शकते. आधी फोन करा. फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला पाठवा. तेही जमले नाही, तर मग तोडा. आणि ही यादी फक्त नेटवर्कवरून आलेल्यांची असते, त्याच कॉम्प्युटरवर बसून उघडलेली फाईल इथे दिसत नाही.

सगळे बाहेर पडले याची खात्री झाली आणि तरी वही तिथेच आहे, तर आता ती डिलीट करून पाहा. विंडोजने 'फाईल वापरात आहे' म्हणून नकार दिला तर कोणीतरी अजून आत आहे, पुन्हा शोधा. निमूटपणे गेली तर ती शिळी होती. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर लाईट गेली की अशा शिळ्या वह्या मागे राहतात. नुसत्या शिळ्या वहीने सहसा काही अडत नाही, ॲक्सेस तीच पुन्हा वापरतो. अडते ते लाईट जाताना फाईलच अर्धवट लिहिली गेली असेल तर. त्याकडे पुढे येऊ.

'हा डेटाबेस अमुक कॉम्प्युटरवरच्या ॲडमिनने अशा स्थितीत ठेवला आहे की तो उघडता येत नाही,' अशा अर्थाचा लांबलचक इंग्रजी संदेश येत असेल, तर त्या कॉम्प्युटरवर कोणीतरी फॉर्म किंवा रिपोर्ट डिझाइनमध्ये, म्हणजे त्याची रचना बदलण्यासाठी, उघडून बसला आहे, किंवा फाईल एकट्यासाठी, म्हणजे एक्सक्लुझिव्ह, उघडली आहे. रोजच्या रोज असे होत असेल तर त्या कॉम्प्युटरवर ॲक्सेसच्या फाईल मेनूतून ऑप्शन्स, मग क्लायंट सेटिंग्ज, त्यात खाली ॲडव्हान्स्ड हा भाग बघा. 'डिफॉल्ट ओपन मोड' शेअर्ड हवा, आणि 'डिफॉल्ट रेकॉर्ड लॉकिंग' 'ऑल रेकॉर्ड्स'वर असेल तर तो बदलून 'एडिटेड रेकॉर्ड' करा. एकाने एक नाव दुरुस्त करायला घेतले की सगळी यादी बाकीच्यांना बंद, हा त्रास बरेचदा याच सेटिंगने होतो.

फाईल ठीक आहे, आत कोणी नाही, तरी लिहिता येत नाही

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण हेच: फोल्डरची परवानगी. लोक फाईलला परवानगी देतात, फोल्डरला देत नाहीत. पण ॲक्सेसला त्या फोल्डरमध्ये हजेरीची वही तयार करायची असते, लिहायची असते आणि शेवटी काढूनही टाकायची असते. म्हणजे वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या फोल्डरात वाचणे, लिहिणे, नवी फाईल बनवणे आणि डिलीट करणे, चारही हक्क हवेत. विंडोजमध्ये याला 'मॉडिफाय' म्हणतात. 'फुल कंट्रोल' द्यायची गरज नाही.

जो वही तयार करू शकत नाही असा माणूस सकाळी पहिला आला, तर वही बनत नाही आणि नंतर येणाऱ्यांची अडचण होते. म्हणूनच ही तक्रार विचित्र वाटते: "मॅडम आधी आल्या तर सगळं चालतं, शिपाई आधी आला तर कोणाचंच चालत नाही." यात शिपायाचा काही दोष नसतो.

परवानगीचे दोन थर आहेत. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'सिक्युरिटी' हा एक. 'शेअरिंग'मध्ये ॲडव्हान्स्ड शेअरिंग आणि त्यातले 'परमिशन्स' हा दुसरा. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंतला जो कडक असेल तो लागू होतो. शेअरिंगमध्ये विंडोज सहसा 'एव्हरीवन'ला फक्त 'रीड' देऊन मोकळा होतो, त्यामुळे सिक्युरिटीत कितीही सढळ हात ठेवला तरी उपयोग होत नाही. 'चेंज'वर खूण करा. 'एव्हरीवन' ठेवण्यापेक्षा ज्यांना गरज आहे त्यांचीच खाती घातलेली बरी.

एक बारीक गोष्ट. फाईल एकाच ड्राइव्हवर कट करून दुसरीकडे पेस्ट केली तर ती सहसा आपल्या जुन्या परवानग्या घेऊनच जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. डेस्कटॉपवरून उचलून सामायिक फोल्डरमध्ये 'हलवलेली' फाईल काहीजणांना उघडत नाही, त्याचे कारण बरेचदा हेच असते. कॉपी करा, चालते का पाहा, मग जुनी काढा.

फाईल प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये ठेवली असेल तर तिथून हलवा, साध्या खात्याला तिथे लिहायची मुभा नसते. आणि वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेस ठेवून चौघांनी वापरायचे मनात असेल तर ते आजच सोडा. ती सेवा पूर्ण फाईल वर-खाली नेते, कोणती नोंद कोणी धरली आहे हे तिला कळत नाही. दोघांनी एकदम काम केले की 'कॉन्फ्लिक्ट'ची प्रत तयार. बॅकअप जरूर तिथे ठेवा.

चाचणीची प्रतही बदलत नसेल तर

इथे सोप्यापासून सुरुवात करा. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'ची खूण आहे का? सीडीवरून उतरवलेल्या जुन्या फाइलींना ती चिकटलेली असते. काढा. त्याच खिडकीत खाली 'अनब्लॉक' दिसते का? फाईल ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवरून आली असेल तर विंडोज तिच्यावर बाहेरची म्हणून शिक्का मारतो. पाठवणारा माहितीतला असेल तरच खूण करून 'ओके' म्हणा. फाईल झिपमधूनच थेट उघडली असेल तर आधी ती बाहेर काढा.

उघडल्यावर वर 'एनेबल कंटेंट' असे बटण येत असेल आणि ते दाबले नसेल, तर टेबलमध्ये हाताने लिहिता येते, पण बटणांमागचे कोड आणि नोंदी बदलणाऱ्या क्वेऱ्या (टेबलमधल्या नोंदी निवडण्याच्या किंवा बदलण्याच्या तयार आज्ञा) चालत नाहीत. रोज दाबावे लागू नये म्हणून ट्रस्ट सेंटरमध्ये तो फोल्डर विश्वासाचा म्हणून नोंदवता येतो.

मग वर शीर्षकपट्टी वाचा. तिथे 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट' लिहिले असेल तर डेटाबेसशी काही संबंध नाही, ऑफिसची वर्गणी संपली आहे. तेव्हा फाइली दिसतात, बदलता येत नाहीत. नव्या कमिटीने चार्ज घेतल्यावर हे हमखास होते, कारण नूतनीकरणाचा ईमेल जुन्या सचिवांच्या पत्त्यावर गेलेला असतो.

फाईलचे वजन पाहा. ॲक्सेसच्या एका फाईलची मर्यादा २ जीबी आहे. महाजनांचे फोटो आणि ओळखपत्रांचे स्कॅन थेट टेबलमध्ये भरत गेलात तर ती गाठायला वेळ लागत नाही, आणि गाठली की नवी नोंद जात नाही. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, टेबलमध्ये फक्त त्यांचा पत्ता, एवढे पथ्य पुरे.

लाईट गेल्यावर बिघडलेल्या फाईलसाठी डेटाबेस टूल्समध्ये 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर डेटाबेस' आहे. सगळ्यांना बाहेर काढून, प्रत घेतल्यावरच चालवा. त्याने भागले नाही तर कोरा नवा डेटाबेस उघडून एक्स्टर्नल डेटामधून जुन्या फाईलमधले टेबल, क्वेरी, फॉर्म एकेक करून आयात करा. एखादे टेबल अडले तर बाकीचे तरी हाती लागतात.

फारच जुनी फाईल असेल तर आणखी एक अडसर. ॲक्सेस ९७ च्या फाइली ॲक्सेस २०१३ पासून पुढे उघडतच नाहीत. कोणाकडे २००३, २००७ किंवा २०१० असेल तर तिथे उघडून नव्या स्वरूपात बदलून घ्या. शेपूट 'एसीसीडीई' किंवा 'एमडीई' असेल तर नोंदी बदलता येतात, पण फॉर्मची रचना नाही. ती मुद्दाम बंद केलेली असते, आणि तिची मूळ फाईल करून देणाऱ्याकडे मागावी लागते.

टेबलमध्ये लिहिता येते, फॉर्ममध्ये नाही

हे लॉक नव्हेच. फॉर्म डिझाइनमध्ये उघडून प्रॉपर्टी शीटमधले 'डेटा' पान पाहा: 'अलाऊ एडिट्स' 'नो' असेल किंवा 'रेकॉर्डसेट टाइप' 'स्नॅपशॉट' असेल तर फॉर्म नुसता बघायचा. फॉर्म क्वेरीवर उभा असेल आणि त्या क्वेरीत बेरजा, गट किंवा दोन याद्यांचे युनियन असेल, तर ॲक्सेसला कोणती मूळ ओळ बदलायची ते ठरवता येत नाही आणि तो नकार देतो. एक्सेलचे शीट टेबल म्हणून जोडले असेल तर तेही इथून बदलत नाही, एक्सेलमध्येच बदलावे लागते. टेबलच्या डाव्या कडेला, ओळीच्या टोकाशी, आडवी रेघ मारलेले वर्तुळ दिसले तर मात्र ती ओळ खरोखरच दुसऱ्या कोणी धरलेली आहे.

टेबल आणि फॉर्मची नावे दाखवणारी नेव्हिगेशनची पट्टीच दिसत नसेल तर फाईल उघडताना शिफ्ट दाबून धरा, सुरुवातीच्या सेटिंग्ज टाळल्या जातात. बनवणाऱ्याने हा मार्गही बंद केला असेल तर चालणार नाही.

पासवर्ड

पासवर्ड माहीत आहे आणि काढायचा आहे, तर ॲक्सेस आधी उघडा, ओपनमध्ये फाईल निवडा आणि 'ओपन' बटणाशेजारच्या बाणातून 'ओपन एक्सक्लुझिव्ह' घ्या. मग फाईल, इन्फो, 'डिक्रिप्ट डेटाबेस'. एकट्याने उघडल्याशिवाय हे जमत नाही.

पासवर्ड कोणालाच माहीत नसेल तर 'एसीसीडीबी'च्या बाबतीत मायक्रोसॉफ्टकडे मागचा दरवाजा नाही. आधीचे सचिव, मुखत्यार, डेटाबेस करून देणारा, जुन्या बॅकअपची पेनड्राइव्ह, या क्रमाने शोधा. महाजनांचे पत्ते आणि फोन नंबर असलेली फाईल इंटरनेटवरच्या 'पासवर्ड उघडून देतो' म्हणणाऱ्या साइटवर चढवू नका. फाईल कमिटीची असेल तर असे काहीही करण्याआधी कमिटीचा ठराव हातात असावा. पुढच्या खेपेसाठी पासवर्ड बंद लिफाफ्यात, सह्या घेऊन, तिजोरीत.

पुन्हा अडकू नये म्हणून

डेटाबेस टूल्समधल्या 'ॲक्सेस डेटाबेस' या बटणाने एका फाईलचे दोन भाग करता येतात. टेबल एका फाईलमध्ये सामायिक फोल्डरवर, आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट दुसऱ्या फाईलमध्ये. दुसरीची प्रत प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर स्वतंत्र ठेवायची. एकाने फॉर्म डिझाइनमध्ये उघडला तरी त्याच्या प्रतीपुरताच. लिंक देताना 'झेड ड्राइव्ह' असे अक्षर वापरू नका, कॉम्प्युटरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण मार्ग द्या, कारण ते अक्षर प्रत्येक कॉम्प्युटरवर सारखे असेलच असे नाही. आणि टेबलची फाईल असलेल्या कॉम्प्युटरला यूपीएस लावा, वायफायऐवजी केबलने जोडा.

झाल्यावर प्रत्येक कॉम्प्युटरवरून, त्या त्या माणसाच्या खात्यातून, एक नोंद बदलून दुसरीकडे दिसते का ते तपासा. यासाठी पावत्यांच्या टेबलमध्ये खोटी नोंद टाकून ती पुसू नका. ऑटोनंबरवर, म्हणजे ॲक्सेस आपोआप देतो त्या क्रमांकावर, पावती क्रमांक चालत असेल तर गेलेला क्रमांक परत येत नाही, आणि मधली पावती कुठे गेली हे ऑडिटर विचारतो. एखाद्या महाजनाच्या पत्त्यातला पिनकोड बदलून परत पूर्ववत केला तरी पुरते.